मोटारसायकलच्या दिव्याची मान

पूर्वी आपल्या कोकणात रात्री कोणी वाटेला लागला, तर चूड पेटवून निघे. सुक्या चुडतांची ती मशाल. ती धरण्याची एक रीत होती. डोळ्यांसमोर चूड कोणी धरीत नसे. तशी धरली तर धरणाऱ्यालाच पुढचे दिसत नसे. हात खाली सोडायचा, जरा बाजूला घ्यायचा, आणि पायांच्या पुढे चार पावलांवर उजेड पडेल असे बघायचे. वाटेत साप असला तर दिसे, धोंडा असला तर दिसे. समोरून माणूस आला की चूड आणखी खाली जाई. पुढे कंदील आले. त्यांचीही रीत तीच.

आता चूड गेली, कंदीलही माळ्यावर गेला. घरोघर मोटारसायकल आली. दिवा आता हातात नाही, गाडीच्या तोंडाशी घट्ट बसवलेला आहे. हाताला जशी समज असते, तशी त्याला नसते. त्याची मान किती वर, किती खाली, हे कोणीतरी एकदा ठरवून द्यावे लागते. त्यासाठी दिव्याच्या खाली किंवा मागे एक साधा स्क्रू असतो. गाडी चालवणाऱ्या दहा जणांना विचारा. तो स्क्रू कुठे आहे, हे त्यांतल्या आठांना ठाऊक नसते. म्हणून हा धडा.

आपल्या सिंधुदुर्गात रात्रीचे जाणेयेणे पुष्कळ. जत्रांचे दिवस आले की दशावतार पाहायला माणसे या गावातून त्या गावात जातात आणि उजाडता परततात. मासळीचा धंदा तर पहाटेचाच. किनाऱ्यावर लिलाव होतो, मासळी बर्फात घालून पेटीत भरतात, पेटी मोटारसायकलच्या मागे बांधतात, आणि गाडी आतल्या गावांकडे निघते. कणकवली-कुडाळवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग आता बहुतेक चौपदरी झाला. तिथे मध्ये दुभाजक आहे. पण मालवणहून चौके-कट्ट्यावरून कसालला जाणारा रस्ता घ्या, आचऱ्याचा घ्या, नाही तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असा देवबागचा अरुंद रस्ता घ्या. इथे समोरचा माणूस अगदी आपल्या अंगावरून जातो. त्याचा दिवा आपल्या डोळ्यांत, आपला त्याच्या.

डोळ्यांत दिवा गेला की काय होते, हे सर्वांना माहीत आहे. काही क्षण काळोखी येते. डोळा पुन्हा जागेवर यायला दोन-तीन सेकंद लागतात. म्हाताऱ्या माणसाला जास्त. दोन-तीन सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. हिशेब करून पाहू. गाडी तासाला ४० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर ती एका सेकंदात ११ मीटर जाते. तीन सेकंदांत ३३ मीटर. तेवढा रस्ता तो माणूस आंधळ्यासारखा चालवतो. त्या ३३ मीटरांत कडेने टोपली घेऊन चालणारी बाई असू शकते.

आता दिवा आतून कसा असतो ते पाहू. काचेच्या मागे एक चकचकीत वाटी असते. तिला रिफ्लेक्टर म्हणतात. वाटीच्या मध्यावर बल्ब. साध्या हॅलोजन बल्बात दोन तारा असतात. एक अपरची, एक डिपरची. अपरची तार वाटीच्या बरोबर मर्मावर असते, म्हणून तिचा उजेड सरळ लांब जातो. डिपरची तार जरा पुढे असते आणि तिच्या खाली एक छोटीशी पत्र्याची टोपी असते. त्या टोपीमुळे उजेड वाटीच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तिथून खाली वळून रस्त्यावर जातो. भिंतीवर डिपर मारून पाहा. वर काळोख, खाली उजेड, आणि मध्ये एक रेघ दिसेल. काही दिव्यांत ही रेघ डाव्या बाजूला जरा वर चढलेली असते. आपण डावीकडून चालतो. डाव्या कडेचा माणूस दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याचा डोळा वाचावा, म्हणून ती तशी केलेली आहे. बनवणाऱ्याने एवढा विचार केला. पण ती सगळी वाटीच वर तोंड करून बसली, तर या विचाराचा काही उपयोग नाही.

वाटी किती तिरकी झाली म्हणजे बिघडते? एक अंश. घड्याळात मिनिटाचा काटा एका मिनिटात सहा अंश सरकतो. त्याचा सहावा भाग. डोळ्याला कळणारही नाही इतका. पण एक अंश वर गेलेला उजेड ५० मीटरांवर ८७ सेंटिमीटर वर चढतो. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच आहे असे धरा. म्हणजे ५० मीटरांवर तो पावणेदोन मीटर उंचीवर पोचला. समोर चालत येणाऱ्या माणसाचे डोळे त्याच्या आत आले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. काही जण भिडस्तपणे दिवा अगदीच खाली करून टाकतात. तेही चांगले नाही. ९० सेंटिमीटर उंचीचा दिवा १० मीटरांत ४५ सेंटिमीटर खाली उतरत असेल, तर तो २० मीटरांवर जमिनीला लागतो. पुढे काळोख. ४० च्या वेगात समोरची वस्तू दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे ११ मीटर. मग गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी नऊ-दहा मीटर. झाले २० मीटर. पाऊस असला तर धडक ठरलेली.

तेव्हा दिवा मधोमध हवा. किती खाली, याचे माप सोपे आहे. दहा मीटरांवर दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली. दहा सेंटिमीटर ठेवला तर ९० सेंटिमीटर उंचीचा दिवा ९० मीटरांवर जमिनीला टेकतो. पंधरा ठेवला तर ६० मीटरांवर. आपल्या वळणांच्या रस्त्याला एवढे पुष्कळ झाले.

एकदा मालवणजवळच्या एका गॅरेजात आम्ही बसलो होतो. दिवे लागणीची वेळ. एक मासळीवाला गाडी घेऊन आला. पोरगा तिशीच्या आतला, पण चेहरा उतरलेला. दोन दिवसांपूर्वी पहाटे त्याला कडेने चालणारी एक म्हातारी अगदी हाताच्या अंतरावर आल्यावर दिसली होती. त्याने गाडी गटारात घातली. पेटी फुटली, मासळी गेली, गुडघा सोलला. म्हातारी वाचली. त्या दिवसापासून त्याला पहाटेची भीती बसली होती. त्याने बाजारातून जास्त उजेडाचा महागडा बल्ब आणून घातला होता, तरी जमत नव्हते.

तो म्हणाला, “मेस्त्रीनू, नवो बल्ब घातलंय, तरी रस्तो काय दिसना नाय.”

मेस्त्री हातातले काम न सोडता म्हणाले, “उजेड खंय पडता, ता बघलंस?”

“माडार पडता.”

“मगे माडाक बल्ब कित्याक घातलंस? रस्त्याक घाल रे!”

बसलेले सगळे हसले. तो पोरगाही हसला. पण मेस्त्रींचे म्हणणे खरे होते. त्यांनी दिव्याखाली हात घातला आणि दिवा बोटाने हलवला. तो मान डोलावल्यासारखा खालीवर झाला. खालच्या स्क्रूवरची स्प्रिंग गंजून तुटली होती, आणि स्क्रू ज्यात फिरतो तो नायलॉनचा नट तडकला होता. दिवा मागे कलंडून आकाशाकडे बघत होता. बल्ब कितीही मोठा घातला असता, तरी माडाचे शेंडेच उजळले असते. दुरुस्तीला लागले एक स्क्रू, एक नट आणि एक स्प्रिंग. बल्बाच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नव्हता.

ही दुरुस्ती घरी कशी करावी, ते आता सांगतो.

आधी आपल्या गाडीचा दिवा कोणत्या जातीचा, हे बघावे. जुन्या धाटणीच्या गाड्यांत गोल डबा दोन्ही बाजूंना एकेका बोल्टाने धरलेला असतो. दोन्ही बोल्ट पान्याने जरासे सैल करा, पुरते काढू नका. डबा हाताने वरखाली होईल. हवा तिथे आणून बोल्ट पुन्हा आवळा. झाले काम. नव्या धाटणीत दिवा प्लास्टिकच्या मुखवट्यात असतो. आतली वाटी दोन बाजूंच्या खुंट्यांवर झुलते आणि तिसरी जागा स्क्रूने धरलेली असते. तीन पायांचे स्टूल जसे, तसे. स्क्रू आत-बाहेर केला की वाटी मान वर किंवा खाली करते. स्क्रूवर स्प्रिंग असते. ती कशाला? गाडी रस्त्यावर सारखी थरथरते. स्प्रिंगचा ताण नसेल तर स्क्रू आपोआप फिरत जाईल आणि वाटी खुळखुळेल. म्हणून स्प्रिंग तुटली तर “चालेल तसं” म्हणू नये. काही जण तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबतात. वाटेत अडकलात, तर घरी पोचण्यापुरता तो ठीक. पुठ्ठा मात्र मुळीच घालू नये. पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो.

आपल्या किनाऱ्यावर खरी अडचण पुढेच येते. स्क्रू फिरत नाही. खारा वारा लोखंडाला खातो. हवेतले मीठ ओल धरून ठेवते, आणि ओल असली की गंज थांबत नाही. त्यात लोखंडाचा स्क्रू आणि ॲल्युमिनियमचा डबा एकमेकांना लागून असले, तर मिठाच्या पाण्यात दोन्ही धातूंचे जमत नाही. ॲल्युमिनियम पांढरे पीठ होऊन झडते आणि स्क्रू त्यात रुतून बसतो. देशावरचा मेस्त्री असा स्क्रू बघून चकित होईल. आपल्याकडे तो रोजचाच.

अशा स्क्रूवर जोर काढू नये. जोर काढला की डोके गुळगुळीत होते नाही तर मोडते, आणि पाच मिनिटांचे काम पाच दिवसांचे होते. तारेच्या ब्रशने आधी वरचा गंज झाडावा. मग आट्यांवर गंज सोडवणारे तेल सोडावे. डब्लू-डी फॉर्टी दुकानात मिळते. ते नसेल तर होडीच्या इंजिनाचे डिझेल थोड्या तेलात मिसळून थेंबथेंब सोडा, आणि रात्रभर तसेच ठेवा. तेलाला आत शिरायला वेळ द्यावा लागतो. हीच गोष्ट माणसे करीत नाहीत. सकाळी बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. त्याचे टोक खाचेत गच्च बसले पाहिजे. पहिल्यांदा स्क्रू सोडवू नका, किंचित आवळा. आवळताना गंजाची पकड मोडते. मग उलटा फिरवा. जरासा उलटा, जरासा सुलटा, पुन्हा जरासा उलटा, असे करीत करीत तो बाहेर येतो.

बाहेर काढण्याआधी तो किती फेरे फिरला ते मोजून खडूने भिंतीवर लिहून ठेवा. नवा स्क्रू तेवढेच फेरे आत घातला, की दिवा जवळपास जुन्या जागी येतो.

जुना स्क्रू टाकून देऊ नका. तो घेऊनच दुकानात जा. लांबी सारखी दिसली तरी आटे वेगळे असतात, आणि वेगळ्या आट्यांचा स्क्रू दाबून बसवला तर नटाचे आटे जातात. मिळाला तर स्टेनलेस स्टीलचा घ्या. बसवताना आट्यांना ग्रीस नक्की लावा. स्टेनलेस स्वतः गंजत नाही, पण ॲल्युमिनियमला तो साध्या लोखंडापेक्षाही जास्त खाऊ शकतो. ग्रीसमुळे मिठाचे पाणी मध्ये शिरत नाही. नायलॉनचा नट तडकला असेल तर तोही नवा घाला. चिकटवून टिकत नाही.

वाटी उघडली आहे तर तिच्याकडेही एकदा बघून घ्यावे. पण हात लावू नये! आतली चकाकी म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो. मऊ फडक्याने पुसलात तरी तो निघतो. धूळ असेल तर फुंकर मारावी. चकाकी आधीच उडाली असेल, वाटी काळपट झाली असेल, तर स्क्रू फिरवून काही होणार नाही. वाटी बदलावी लागेल. हॅलोजन बल्बाच्या काचेलाही उघडे बोट लावू नये. बोटाचे तेल काचेवर राहते, काच तिथे जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. कागदात धरून बसवावा. बल्बाला तीन कान असतात. त्यांतला एक रुंद. त्याची खाच ठरलेली असते. कान खाचेत न बसवता बल्ब दाबून घातला, तर टोपी वाकडी होते आणि डिपरच अपरसारखा वर जातो. दिवा बिघडला म्हणून आलेल्या गाड्यांत कधी कधी एवढीच चूक असते.

बाजारात हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्ब मिळतात. आमचे मत त्यांच्याबद्दल बरे नाही. वाटी बनवली आहे ती बारीक तारेच्या उजेडासाठी. एलईडीचा उजेड दुसऱ्याच जागेवरून निघतो, वाटीत विखुरतो, आणि भिंतीवर ती रेघच उमटत नाही. उजेड पांढराशुभ्र दिसतो म्हणून चालवणारा खूश. समोरचा मात्र आंधळा. कारखान्यातूनच एलईडी दिवा घेऊन आलेली गाडी वेगळी. तिची वाटी त्यासाठीच घडवलेली असते, आणि मान खालीवर करायची सोय तिलाही असते.

आता दिवा लावून घेऊ. संध्याकाळी, जरा काळोख पडल्यावर हे काम करावे. सपाट जमीन आणि समोर भिंत पाहिजे. शाळेची भिंत, देवळाचा गडगा, चिऱ्याची कुंपणभिंत, कोणतीही चालते. दोन्ही चाकांत हवा बरोबर भरलेली असावी. भिंतीपासून दहा मीटर मोजा. टेप नसेल तर दोरी घ्या. आपल्या दर्यावर्दी भावांना वाव ठाऊक आहे. दोन हात पसरले म्हणजे एक वाव. साडेपाच वाव म्हणजे दहा मीटर, फार तर वितीचा फरक.

गाडी भिंतीकडे सरळ तोंड करून उभी करा. स्टँडवर नको, दोन्ही चाकांवर. जो रोज चालवतो त्यानेच वर बसावे. मागे रोज पेटी असते तर पेटी बांधावी, आणि रिकामी नको, भरलेली. का, ते पुढे सांगतो. दुसऱ्या माणसाने दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर कोळशाने आडवी रेघ मारावी. तिच्या खाली दहा सेंटिमीटरांवर दुसरी रेघ. दहा सेंटिमीटर म्हणजे चार बोटांहून थोडे जास्त. आता डिपर लावा. अपर नव्हे, डिपर. उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर आली पाहिजे. डावीकडे ती थोडी वर चढली तर चढू द्या. कड वर असेल किंवा खाली असेल, तर स्क्रू पाव फेरा फिरवा आणि भिंतीकडे बघा. कोणत्या बाजूला फिरवला म्हणजे दिवा वर जातो, हे गाडीगाडीला वेगळे. पाव फेऱ्यात कळते. एकदम दोन-तीन फेरे मारू नयेत. कड रेघेवर आली की गाडीवर बसलेल्या माणसाने दोन-तीनदा सीटवर उडी घ्यावी, आणि पुन्हा बघावे. दिवा हलला असेल तर कुठेतरी ढिले आहे.

सरकारचा नियमही हेच मागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १०६ वा नियम सांगतो, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजव्या अंगाला अर्धा मीटर, आणि दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला त्या उजेडाने दिपता कामा नये. पाहिजे तर तसे करूनच बघा. घरातल्या कोणाला तिथे उभे करा आणि विचारा. भिंतीवरची रेघ आणि उभ्या माणसाची साक्ष, दोन्ही जुळल्या पाहिजेत. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. तो बंद करायचे बटण त्यांवर नसते. म्हणजे वाकडा दिवा दिवेलागणीआधीही समोरच्याला छळतोच.

आता पेटीचे. मागचे चाक आणि पुढचे चाक यांच्यामध्ये साधारण सव्वा मीटर अंतर असते. बर्फासकट पेटी मागे चढली आणि गाडीचा मागचा भाग चार सेंटिमीटर बसला, तर गाडीचे तोंड तेवढ्याने वर होते. दहा मीटरांवर उजेड ३२ सेंटिमीटर वर जातो. म्हणजे रिकाम्या गाडीवर नीट लावलेला दिवा भरल्या गाडीवर पुन्हा माडावर. म्हणून जो रोज पहाटे भरून नेतो, त्याने भरल्या गाडीवरच दिवा लावावा. येताना रिकाम्या गाडीवर उजेड जरा जवळ पडेल, पण तोपर्यंत उजाडलेले असते. ज्याला कधी ओझे, कधी रिकामे, अशी ये-जा असते, त्याने मागच्या शॉकअपकडे बघावे. पुष्कळ गाड्यांत शॉकअपच्या स्प्रिंगखाली एक कडे असते आणि त्याला पायऱ्यांसारख्या खाचा असतात. गाडीबरोबर मिळणाऱ्या पान्याने ते कडे फिरवले की स्प्रिंग दबते आणि मागची बाजू उचलली जाते. दोन्ही बाजूंची कडी सारख्याच खाचेवर ठेवावीत. ओझे उतरले की पुन्हा मागे आणावीत. नवरा-बायको आणि मागे पोर, असे जत्रेला निघाल्यावरही हेच करावे.

जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि गाडीलाही थोडी फुरसत मिळते. त्या दिवसांत एकदा हा स्क्रू काढून पुसावा, नवे ग्रीस लावावे, स्प्रिंगवर थोडे व्हॅसलिन चोळावे. दिव्याच्या काचेच्या आत पाण्याचे बाष्प धरलेले दिसले, तर काचेभोवतीचे रबर तपासावे. पाणी तिथूनच शिरते. स्क्रू परत बसवल्यावर भिंतीवरची कोळशाची रेघ शोधावी. पावसाने ती धुऊन गेली असेल तर उंची मोजून नवी मारावी. कारण चाके बदलली, टायर झिजला, की दिव्याची उंचीही थोडी बदललेली असते.